दुकानात जुळलेला रंग दारात का बिघडतो

खानापूरकडच्या एका ताईंनी ब्लाउज पीस, फॉल आणि अस्तराचं मॅचिंग सेंटर टाकलंय. त्यांनी विचारलेलं थोडक्यात असं: दुकानात साडीला अगदी जुळलेला पीस गिऱ्हाईक घेऊन जातं आणि दुसऱ्या दिवशी 'हा रंग येगळाच हाय की ओ' म्हणत परत आणतं, हे कसं? शाळेत आपल्याला मूळ रंग लाल, पिवळा, निळा असे शिकवले. मुलीच्या कॉम्प्युटरच्या पुस्तकात लाल, हिरवा, निळा आहेत. मग खरं कुठलं? आणि रंग जुळवायला शिकायचं तर सुरुवात कुठून करायची?

मी बेळगावात वडगावला सूत आणि रेशीम रंगवतो. आजूबाजूला सगळे यंत्रमाग, त्यामुळे रंगवलेला धागा मागावर चढून त्याची साडी झाली की कसा दिसतो, हे रोज बघायला मिळतं. उत्तर त्याच बाजूनं देतो. दुसऱ्या प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर आधी सांगून ठेवतो: दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, आणि हे दोन्ही हिशोब एकाच साडीत सापडतात. पण तिथवर जायला पहिल्या प्रश्नातून जावं लागेल.

गिऱ्हाईक खोटं बोलत नाही आणि तुमची नजरही कच्ची नाही. कापडाला स्वतःचा असा रंग नसतो. पडलेल्या उजेडातला कुठला भाग गिळायचा आणि कुठला परत टाकायचा, एवढं त्यातल्या रंगद्रव्याच्या रेणूवर ठरतं. डाळिंबी साडी निळा-हिरवा भाग बहुतेक गिळते आणि तांबडा परत टाकते. रेणू बदलला की गिळणं बदलतं. हळदीचा डाग साबण लावल्यावर लालभडक होतो ना? त्यात नवा रंग कुणी घातलेला नसतो. साबण अल्कलीधर्मी असतो, त्यानं हळदीच्या रेणूची घडण बदलते. म्हणून तर हळदीत चुना घालून कुंकू होतं.

पण साडी परत टाकू शकते तो तिच्यावर पडलेला उजेडच. उजेडात तांबडं कमी असेल तर ती कुठून आणणार? न्यूटननं १६६६च्या सुमाराला लोलकातून सूर्यप्रकाश घालवून दाखवलं, की पांढऱ्या उजेडात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळं असतं. त्यानं दाखवलं ते सूर्याबद्दल. दुकानातल्या दिव्याबद्दल तशी हमी कुणीच देत नाही. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तांबडं भरपूर आणि निळं अगदी कमी. त्याच्याखाली नेव्ही ब्लू आणि काळा वेगळे ओळखून दाखवा! जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडात हिरवा आणि निळा ठरावीक ठिकाणी टोकदार, पण गडद तांबडं कमी. म्हणून डाळिंबी तिथं मेल्यासारखा दिसतो. आजचा पांढरा एलईडी मुळात निळा दिवा असतो. त्यावर पिवळ्या द्रव्याचा थर दिलेला असतो आणि निळा व पिवळसर मिळून पांढरं भासतं. स्वस्तातल्या एलईडीत निळा आणि हिरवा यांच्या मधला भाग आणि टोकाचं गडद तांबडं, दोन्ही ठिकाणी खड्डे असतात. डोळ्याला तो खड्डा कळत नाही. दिवा पांढराच दिसतो, फसवतं ते कापड.

आता इथंच कुणी म्हणेल, की दिवा वाईट असला तर साडी आणि पीस दोघांचा रंग सारखाच बिघडायला हवा, जुळणी का मोडावी? प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर डोळ्यात आहे.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच जातींच्या असतात, त्यांना शंकुपेशी म्हणतात. एक जात सुमारे ४२० नॅनोमीटर लांबीच्या लहरींना, म्हणजे निळ्या-जांभळ्या उजेडाला, सगळ्यात जास्त प्रतिसाद देते. दुसरी ५३०च्या आसपास, हिरव्याला. तिसरी ५६०च्या आसपास. हिला सगळे 'तांबडी' म्हणतात, खरं तर तिचं शिखर पिवळट-हिरव्यात येतं. पण तांबड्या टोकापर्यंत तिचाच हात पोचतो, म्हणून ते नाव. साधारण ३८० ते ७०० नॅनोमीटरचा सगळा पसारा डोळा या तीन आकड्यांत गुंडाळतो आणि मेंदूकडे पाठवतो. मूळ उजेडात काय काय होतं, त्याची यादी मेंदूला मिळतच नाही. तीन आकडे सारखे आले की रंग सारखा, विषय संपला.

म्हणजे दोन कापडं अगदी वेगवेगळ्या तऱ्हेनं उजेड गिळत असली, तरी एखाद्या दिव्याखाली दोघांची बेरीज तेच तीन आकडे देऊ शकते. साडी आमसुली आहे असं धरा. ती आर्ट सिल्कची, तिच्यासाठी वेगळे रंग वापरलेत. पीस पॉलिस्टर मिसळलेला, त्याला वेगळ्याच जातीचे रंग लागतात, कारण पॉलिस्टरवर सुताचे रंग चढतच नाहीत. साडीचा आमसुली तांबडा आणि काळा मिळून झाला असेल, पिसाचा तांबडा, निळा आणि थोडा पिवळा मिळून. तुमच्या ट्यूबखाली दोन्ही एक. गिऱ्हाईक दारात गेलं, उजेड बदलला, आता साडी पहिल्यापेक्षा थोडं जास्त तांबडं परत टाकते आणि पीस तेवढं टाकत नाही. एक विटकरी, एक जांभळट. दोन्ही कापडं तीच, हिशोब बदलला. रंगशास्त्रात या प्रकाराला मेटॅमेरिझम म्हणतात. आमच्या धंद्यात नाव कुणी घेत नाही, 'दिव्यात मॅच, उन्हात नाही' एवढंच म्हणतात.

यात सगळ्यात दगाबाज रंग म्हणजे तीन-तीन रंग मिसळून होणारे मंद रंग: राखाडी, खाकी, आमसुली, चॉकलेटी, अंजिरी, मेहंदी. लिंबू, शेंदरी, राणी असे एका रंगातून निघणारे झळझळीत रंग त्यामानानं सरळ. तुमच्याकडे परत येणाऱ्या पिसांची वही ठेवा. त्यात बहुतेक हेच मंद रंग सापडतील असं मी पैजेवर सांगतो.

मुलीच्या पुस्तकाकडे येऊ. आपल्याकडे पावसाळ्यात हे बघायला वेगळी तयारी लागत नाही. मोबाइलच्या उजळ पांढऱ्या पडद्यावर पावसाचा बारीक थेंब पडू द्या आणि थेंबात निरखून बघा. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्याच्या जागी लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. आता पडद्यावर पिवळं चित्र लावा. थेंबात पिवळं काही नाही! लाल आणि हिरवे ठिपके पेटलेत, निळे विझलेत. दोघांचा उजेड डोळ्यात एकत्र पडतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीच्या पेशी एकदम जाग्या होतात आणि मेंदू म्हणतो, पिवळा. इथं उजेडात उजेड मिळवला जातो, म्हणून ही बेरीज. तीन जातींच्या पेशींना शक्य तितकं वेगवेगळं हलवता यावं म्हणून लाल, हिरवा, निळा निवडलेत. मूळ रंग तीन असण्याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. निसर्गात असा तीनचा नियम नाही.

हे पहिल्यांदा लोकांपुढे करून दाखवलं मॅक्सवेलनं, १८६१ साली लंडनमध्ये. एकाच वस्तूचे लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून वेगवेगळे फोटो घेतले आणि तीन दिव्यांनी पडद्यावर एकावर एक टाकले. रंगीत फोटोग्राफीची सुरुवात तीच. आणि फोटो कशाचा होता? विणलेल्या चौकड्याच्या रिबिनीचा. आम्हा धाग्यातल्या माणसांना तेवढंच बरं वाटतं.

शाळेतलं पुस्तक रंगाच्या वाटीचं आहे. वाटीत, किंवा आमच्या हौदात, दोन रंग मिसळले की उजेड वाढत नाही, गिळणारे वाढतात. पिवळा रंग निळा उजेड गिळतो, फिरोजी रंग तांबडा उजेड गिळतो, दोघं गिळून उरलं ते हिरवं. ही वजाबाकी. म्हणून जितके रंग घालाल तितकं काळपट; रंगपंचमीला दुपारी सगळ्यांची तोंडं एकाच रंगाची होतात ती यामुळेच.

शाळेच्या पुस्तकाची एक दुरुस्ती मात्र करायला हवी. लाल आणि निळा मिसळून जांभळा होतो असं आपण शिकलो, आणि पोस्टर कलरनं करून बघितला तेव्हा वांग्याच्या सालीसारखं काहीतरी मळकट झालं. दोष हाताचा नव्हता. तो लाल रंग निळा उजेडही गिळतो आणि तो निळा रंग तांबडं गिळतो. परत यायला उरलंच काय? वजाबाकीचे खरे मूळ रंग कुठले, हे सूत रंगवणाऱ्याला पुस्तकाशिवाय कळतं. बाकी कुठलीही शेड दोन-तीन डब्यांतून काढता येते, पण तीन शेड अशा आहेत की त्यांचा स्वतःचा डबा आणावाच लागतो: लिंबू, राणी आणि फिरोजी. नेव्ही ब्लूमध्ये काहीही घाला, झळझळीत मोरपिशी निघणार नाही. लालमध्ये पांढरं सूत कितीही राखा, राणी निघणार नाही. उलट राणी आणि लिंबूतून लाल आरामात निघतो, राणी आणि फिरोजीतून स्वच्छ जांभळा आणि निळा. छापखान्यातही हेच तिघं असतात, जोडीला काळा. घरातली लग्नपत्रिका भिंगाखाली धरा, देवाच्या चित्रातला केशरी म्हणजे राणी आणि पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी आहे.

आणि आता मागावर या, कारण दोन्ही पुस्तकं तिथं भेटतात. हौदात लाल आणि हिरवा एकत्र केले तर काळपट तपकिरी होतो. पण ताण्याला म्हणजे उभा लाल आणि बाण्याला म्हणजे आडवा हिरवा धागा घालून विणा. एका इंचात ८० धागे असतील तर एका धाग्याच्या वाट्याला मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. एक मीटर लांबून आपली नजर साधारण एवढंच बारीक वेगळं करू शकते. म्हणजे कापड हातात घेतलं तर लाल आणि हिरवे धागे वेगळे, आणि मीटरभर लांब धरलं की दोन्ही धाग्यांवरून आलेला उजेड डोळ्यात एक होतो. ही मोबाइलची बेरीजच, फक्त दोघांची सरासरी येते म्हणून झगमगाट नाही. मातकट, खाकीकडे झुकणारा रंग दिसतो, पण हौदातल्या मिश्रणापेक्षा स्पष्ट उजळ. प्रत्येक धागा हौदात वजाबाकीनं रंगला आणि मागावर बेरजेनं मिसळला. कापड वाकलं की ताणा आणि बाणा वेगवेगळ्या कोनातून चमकतात, निरीला लाल आणि वळणावर हिरवा झळकतो, त्याला आपण धूपछाव म्हणतो. रेशमाच्या सलग गुळगुळीत धाग्यावर हे खुलतं, साध्या सुतावर तितकं नाही.

धूपछाव साडीला पीस जुळवायचा असेल तर म्हणून पदर हातात धरून जुळवू नका. साडी चार हात लांब टाका आणि लांबून जो रंग दिसेल त्याला जुळवा, नाहीतर दोन धाग्यांपैकी एक रंग सरळ उचला. मधलं काहीतरी शोधत बसलात तर कशालाच जुळत नाही.

जाता जाता राणी रंगाबद्दल एक. इंद्रधनुष्यात राणी शोधा, सापडणार नाही. पिवळ्या उजेडाला स्वतःची एक लांबी आहे, हिरव्याला आहे, राणीला नाही. तांबड्या टोकाची आणि निळ्या टोकाची पेशी एकदम जागी झाली आणि मधली हिरवी गप्प राहिली, की मेंदू राणी रंग तयार करतो. न्यूटननं पट्टीची दोन टोकं वाकवून रंगांचं चक्र केलं, त्याचा सांधा नेमका इथं येतो. चॉकलेटीही धनुष्यात नाही, पण कारण वेगळं: तो नुसता मंद नारिंगी आहे. चॉकलेटी कापडावर चांगला उजेड पाडा आणि काळ्या कागदाच्या अरुंद नळीतून फक्त तेवढाच तुकडा बघा. आजूबाजूचं उजळ काही दिसेनासं झालं की तो नारिंगीकडे सरकतो.

हा आजूबाजूचा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि रंग शिकवताना लोक नेमका हाच शेवटी उरकतात. पॅरिसला गोबलँ नावाचा, भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणण्याचा जुना कारखाना आहे. त्याच्या रंगखान्याचा प्रमुख म्हणून १८२४ साली शेव्रुल नावाचा रसायनतज्ज्ञ आला. विणकरांची तक्रार होती, की काळा रंग फिका येतो, त्यात दम नाही. शेव्रुलनं दुसरीकडचा काळा आणून ताडून बघितला. रंगात काही खोट नव्हती. तो काळा निळ्या आणि जांभळ्या धाग्यांशेजारी विणला जात होता, तिथं तो उतरलेला दिसत होता. निळ्याच्या शेजारी बसलेल्या काळ्यावर निळ्याच्या विरुद्ध रंगाची, म्हणजे नारिंगीची, झाक येते आणि काळा गंजल्यासारखा दिसतो. यावर त्यानं १८३९ साली जाडजूड पुस्तक काढलं. माणूस १०२ वर्षं जगला, रंगांनी काही त्याची तब्येत बिघडवली नाही.

डोळ्याचा स्वभाव बाजारात बसलेल्या व्यापाऱ्यासारखा आहे. एखाद्या मालाचा भाव तो शेजारच्या मालाकडे बघूनच लावतो. साडीच्या डाळिंबी अंगावर राखाडी पट्टा विणलात तर तो हिरवट दिसेल. तोच राखाडी धागा हिरव्या अंगावर विणा, गुलाबट दिसेल. कांडी तीच, लॉट तोच. 'राखाडी सांगितला होता, हिरवट दिलात' अशी तक्रार आली की आम्ही आधी अंग कुठल्या रंगाचं आहे ते विचारतो. त्यावरचा उपायही शेजाऱ्यातच आहे: डाळिंबीवर जाणाऱ्या राखाडीत आधीच किंचित लाल घालायचा. सुट्टा बघितला तर तो गुलाबट वाटतो, साडीत बसला की सरळ राखाडी होतो.

पण पट्टा फार बारीक झाला तर खेळ उलटतो. रुंद पट्टे एकमेकांना लांब ढकलतात. एक-दोन धाग्यांच्या बारीक रेघा एकमेकांत मुरतात. लाल अंगात जरीच्या बारीक रेघा टाकल्या तर लाल नारिंगीकडे जातो, काळ्या टाकल्या तर तोच लाल गडद होतो. हे नीट मांडलं फॉन बेझोल्ड या जर्मनानं, आणि त्याच्याही डोळ्यापुढे गालिचे होते: सगळ्या नक्षीतला एकच धागा बदलला की आख्ख्या गालिचाचा रंग बदलतो. म्हणून बारीक चौकड्याच्या इरकलला पीस निवडताना चौकड्यातला रंग उचलू नका, काठाचा उचला. काठ रुंद आणि सलग असतो, तो जसा आहे तसा दिसतो.

दुकानात याचा दुसरा अवतार रोज घडतो. गिऱ्हाईकापुढे एकामागून एक पाच-सात लाल पीस टाकले, की शेवटचे बिचारे मळके दिसायला लागतात. लाल बघून डोळा त्या बाजूला दमलेला असतो. मध्ये एखादा हिरवा पीस सहज उलगडा आणि मग पुढचा लाल काढा, तो एकदम ताजा दिसेल. शेव्रुलनंही कापड दुकानदारांना हाच सल्ला दिलाय, आणि गणपत गल्लीतल्या जुन्या सेल्समनना तो कुणी न शिकवता येतो.

विरुद्ध रंगांचा घरगुती पुरावा हवा असेल तर नीळ. पांढरं धोतर वापरून पिवळं पडतं, म्हणजे निळा उजेड गिळायला लागतं. निळीच्या पाण्यातून काढलं की नीळ पिवळा-तांबडा भाग गिळते. दोन्हीकडून गिळलं गेलं, उजेड खरं तर आणखी थोडा कमी झाला, पण झाक गेली म्हणून धोतर पांढरं दिसतं. पावडरीतले आधुनिक पांढरे मात्र वेगळी चलाखी करतात: न दिसणारा अतिनील उजेड शोषून त्याचा निळा उजेड करून बाहेर टाकतात. म्हणून पांढऱ्या अस्तराचे दोन ठाण घरात सारखे आणि उन्हात एक निळसर असं होतं. एलईडीत अतिनील जवळपास नसतोच. पांढऱ्याला पांढरा जुळवायचा तर दिवसाउजेडीच.

निळीवरून आठवलं. खरी नीळ धाग्यावर चढवताना हायड्रॉस नावाचं रसायन घालावं लागतं, त्यानं ती पाण्यात विरघळते. धागा हौदातून पिवळट-हिरवा बाहेर येतो आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळा होतो. हेच हायड्रॉस आपल्या भागातल्या काही गुऱ्हाळांत गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून घालतात, आणि काही दिवसांनी तो गूळ पुन्हा काळवंडतो. काळपट गूळ घ्या, एवढंच सांगतो. रंगाच्या मागे लागण्यात रंगाऱ्यांपेक्षा गिऱ्हाईक पुढे असतं.

कातरवेळेचं थोडक्यात. उजेड फार कमी झाला की शंकुपेशींना तो पुरत नाही आणि पडद्यावरच्याच दुसऱ्या पेशी, दंडपेशी, काम हातात घेतात. त्यांना रंग कळत नाही, आणि तांबडा उजेड तर जवळपास दिसतच नाही. म्हणून दिवेलागणीला चंद्रकळेचा लाल काठ काळ्यात बुडतो आणि शेजारची निळी-हिरवी साडी उलट उजळ वाटते. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं होतं, त्याचंच नाव या प्रकाराला आहे. लाईट गेलेली असताना मॅचिंग करू नका, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

सगळ्यांचे डोळे सारखे नसतात, हेही गल्ल्यावर बसताना ध्यानात ठेवा. लाल-हिरव्यात गल्लत होणं बहुतेक जन्मजात असतं, आणि ते एक्स गुणसूत्रावरून येत असल्यामुळे पुरुषांत कितीतरी जास्त. युरोपातल्या पुरुषांत शंभरात आठाच्या आसपास, आशियात त्याहून कमी. अशा माणसाला दिसत नाही असं नसतं, त्याला आमसुली आणि मेहंदी एकाच घरातले वाटतात. नवरा पीस घ्यायला एकटा आला तर साडीचा तुकडा मागा, तोंडी रंगावर देऊ नका. म्हातारपणी डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळ्याची धार जाते. मोतीबिंदू काढलेल्या आजीला विचारा, पट्टी सुटल्यावर 'सगळं निळं निळं दिसतंय' म्हणतील. आणि डोळे अगदी निरोगी असले तरी मेंदू उजेडाचा अंदाज बांधूनच रंग ठरवतो. २०१५ साली एका ड्रेसचा फोटो जगभर फिरला, काहींना निळा-काळा दिसायचा, काहींना पांढरा-सोनेरी. ड्रेस निळा-काळाच होता. ज्यांनी मनातल्या मनात तो सावलीत आहे असं धरलं त्यांना पांढरा दिसला. व्हॉट्सअॅपवर आलेल्या साडीच्या फोटोवरून पीस कापून का ठेवायचा नाही, ते यावरून कळावं.

आता शिकायचं कसं. रंग बघताना एकदम 'जुळतो का' असं विचारू नका, तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. पहिला, घराणं कुठलं: लाल, शेंदरी, पिवळा, हिरवा? दुसरा, किती उजळ किंवा गडद? तिसरा, किती झळझळीत किंवा मळका? अमेरिकेत मन्सेल या चित्रकला शिक्षकानं १९०५ साली याच तीन मापांवर रंगांची मांडणी केली आणि आजही तीच चालते. नवखा माणूस पहिल्यावर अडकतो. खरी चूक दुसऱ्यावर होते. डोळे बारीक करून, पापण्यांच्या फटीतून साडी आणि पीस बघा. रंग मागे पडतो आणि उजळपणातला फरक पुढे येतो. सांधा दिसेनासा झाला तर उजळपणा जुळला. लांबून नजरेला खुपतो तो उजळपणातला फरक; टॅक्सीच्या पाटीवरची पिवळ्यावर काळी अक्षरं त्यामुळेच लांबून वाचता येतात. आपल्याकडे बेळगावात १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा आणि दुसऱ्यावर मराठी माणसांच्या काळ्या दिनाचा काळा असतो. तो विषय मोठा आहे आणि इथला नाही, पण लांबून ओळखू येण्यात दोन्ही बाजूंनी रंग अचूक निवडलेत.

झळक तपासायला पीस साडीच्या घडीखाली अर्धा सरकवून बघा, नुसता वर ठेवून नको. दोघांची वीण एकाच दिशेला ठेवा, कारण आडवं-उभं केलं की चमक बदलते आणि तोच रंग एक शेड वर-खाली दिसतो. तंतोतंत मिळत नसेल तर एक शेड गडद द्या, फिका देऊ नका. साडीपेक्षा फिका पीस धुऊन विटलेला वाटतो, गडद पीस मुद्दाम घेतल्यासारखा वाटतो.

आणि दिव्याचं. दुकानाला उत्तरेकडे खिडकी किंवा दार असेल तर जुळणीचं टेबल तिथं ठेवा. उत्तरेकडून थेट ऊन वर्षातला बराच काळ येत नाही, तेव्हा उजेड दिवसभर साधारण एकाच जातीचा राहतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, तेव्हा उजेड निळसर आणि मऊ असतो. जुळणीला उत्तम, फक्त लाल रंग जरा थंड वाटतील ते मनात धरा. दिवा घ्यायचा तर डब्यावर दोन आकडे वाचा. एक केल्विनचा, म्हणजे उजेड पिवळसर की निळसर त्याचा: ६५०० हा दिवसाच्या उजेडाच्या जवळचा. दुसरा सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचं माप: ते ९० किंवा त्याहून वर हवं. नेहमीचे दिवे ८०च्या आसपास असतात आणि तांबड्यातला खड्डा त्यातच लपतो. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला घरात असतो तसा पिवळसर दिवाही लावा. पीस दोन्हीखाली जुळला तरच कापा. एकाखाली जुळतो आणि दुसऱ्याखाली नाही असं दिसलं तर गिऱ्हाईकाला तिथल्या तिथं दाखवा आणि विचारा, साडी दिवसा नेसणार की रात्रीच्या रिसेप्शनला? ज्या उजेडात नेसणार त्या उजेडातला पीस द्या. परत येणारे पीस त्यानं कमी होतील.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, की दुकान प्रसन्न दिसावं म्हणून आतून गुलाबी रंग दिलाय. ताई, तो आधी काढा. भिंतीवरून परतलेला गुलाबी उजेड प्रत्येक पिसावर पडतोय आणि तुमचा डोळाही दिवसभर गुलाबीला सरावतोय, म्हणजे दुहेरी फसवणूक. पांढरा किंवा फिका राखाडी द्या, तोही चमक नसलेला. गुलाबी हवाच असेल तर पाटीला द्या, ती दुकानाच्या बाहेर असते.